अंदाज आधी, निष्कर्ष मागून : विज्ञानाच्या तासातलं वाचन-लेखन
(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

प्राथमिक वर्गांत विज्ञान शिकवताना वाचन-लेखनाचा उपयोग कसा करावा, यावर शिक्षकांचे आणि पालकांचे बरेच प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : चौथीला विज्ञान शिकवते. प्रयोग वर्गात प्रत्यक्ष करून घेते, तरी वह्या तपासायला घेतल्या की सगळीकडे तेच : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. शब्दसुद्धा फळ्यावरचेच. मुलांनी स्वतःचं काही लिहावं यासाठी काय करू?

पाच मथळे फळ्यावर आले की मुलांच्या दृष्टीने काम संपलं. निष्कर्ष बाईंनी सांगून झालेला असतो, मग वहीत उतरवायचा तो फक्त पोचपावती म्हणून. लिखाण प्रयोगानंतर येतं, हे खरं दुखणं आहे. ते आधी आणा. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने 'काय होईल आणि का' एवढं दोन ओळींत लिहिलं की पुढे लिहायला आपोआप काहीतरी मिळतं, कारण आता स्वतःचं म्हणणं पणाला लागलेलं असतं.

एक नमुना. दोन सारखे पारदर्शक ग्लास घ्या, दोन्हींत २०० मिलिलिटर पाणी. एकात चहाचे तीन चमचे मीठ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि पाणी संथ होऊ द्या. दोन्हींचं तापमान सारखं हवं. मीठ लवकर विरघळावं म्हणून गरम पाणी वापरलं तर प्रयोग तिथेच फसला. आता एकाच साच्यातले, एकाच आकाराचे दोन बर्फाचे खडे एकाच वेळी सोडायचे आहेत. कुठला आधी वितळेल?

खडे हातात घेण्याआधी मुलांनी वाक्य पूर्ण करायचं : 'मला वाटतं, ____ पाण्यातला खडा आधी वितळेल, कारण ____.' चुकीचं कारण चालेल, पण कारणाची जागा कोरी ठेवलेली चालणार नाही. बरीच मुलं मिठाच्या बाजूने जातात. मिठाने बर्फ वितळतो हे कुठेतरी ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात साध्या पाण्यातला खडा आधी संपतो.

का, ते डोळ्यांनी दिसावं म्हणून बर्फ करतानाच पाण्यात खाण्याच्या रंगाचे थेंब टाका. साध्या पाण्यात रंगाच्या रेघा खड्यापासून सुटून तळाकडे जातात : वितळलेलं गार पाणी जड, ते खाली जातं आणि त्याच्या जागी कोमट पाणी खड्याला येऊन भिडतं. मिठाच्या ग्लासात रंग वरच थर करून बसतो. वितळलेलं पाणी बिनमिठाचं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते खड्याभोवतीच राहतं आणि खडा स्वतःच्याच गार पाण्यात बसून राहतो.

तासाची विभागणी साधारण अशी बसते : अंदाज लिहायला पाच मिनिटं, शेजाऱ्याला वाचून दाखवायला दोन-तीन, प्रयोग आणि चित्र मिळून पंधरा, बोलणं दहा, शेवटचं लिखाण सात-आठ. खडे लहान असू द्या, नाहीतर मिठाच्या ग्लासातला खडा मधली सुट्टी झाली तरी तरंगत राहील. आणि चमचे काढून घ्या. कुणीतरी ढवळणारच, आणि ढवळलं की थर मोडतो, फरकही जातो.

शेवटचं लिखाण तीन वाक्यांत मागा. पहिलं विधान (काय झालं असं मी म्हणतो), दुसरं पुरावा (मी काय पाहिलं), तिसरं कारण (पुराव्यावरून विधानापर्यंत मी कसा पोचलो). सुरुवातीला बहुतेक मुलं पहिलंच वाक्य तीनदा लिहितात. 'मिठाच्या पाण्यात बर्फ हळू वितळला कारण त्यात मीठ होतं' असं आलं तर त्यावर फुली मारू नका आणि दुरुस्तही करू नका. समासात एकच प्रश्न लिहा : 'रंग कुठे गेला होता?' मुलाला उत्तर माहीत असतं, ते लिहिण्याजोगं आहे हे माहीत नसतं.

एक नियम मात्र कडक ठेवा : अंदाज पेनने, खोडरबर बंद. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. खाली 'आता मला वाटतं' लिहून पुढे जायचं. चांगल्या गुणांची सवय झालेल्या मुलांना हे जड जातं. त्यांना गॅलिलिओच्या नोंदी सांगा. ७ जानेवारी १६१० रोजी त्याला दुर्बिणीतून गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. ते स्थिर तारे आहेत असंच त्याला वाटलं. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. १३ तारखेला चौथा दिसला. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे त्याला कळलं, कारण पहिल्या रात्रीची नोंद जशीच्या तशी शिल्लक होती.

तुमच्या बाजूने एक पथ्य : अंदाज वाचून दाखवले जात असताना भुवई उंचावायची नाही, 'नक्की का?' विचारायचं नाही. मुलं तुमचा चेहरा वाचून उत्तर बदलतात आणि मग वहीत अंदाज उरतो तो तुमचाच.

प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांना अजून नीट लिहिता येत नाही. त्यांना हे सगळं लागू आहे का?

आहे, फक्त लिखाणाची जागा चित्र घेतं. पण चित्रकलेच्या तासाचं चित्र आणि विज्ञानाचं चित्र हे वेगळे प्रकार आहेत, आणि हा फरक पहिल्या आठवड्यातच सांगावा लागतो. बियाणं काढायला सांगितलं की मुलं हसरा सूर्य, ढग आणि लाल फूल काढून मोकळी होतात. म्हणून आधी बी हातात द्या आणि तीन प्रश्न विचारा : कुठल्या रंगाचं आहे, कडेला काय दिसतं, कुठे टोकदार आहे? घेवड्याच्या बीवर एका बाजूला बारीक खूण असते. ती जिने काढली, तिने बी पाहिलं. बीवर नसलेलं काढायचं नाही, असलेलं सोडायचं नाही. मग भागाला रेघ आणि रेघेच्या टोकाला नाव. नाव लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या, पण शब्द मुलाचा असू द्या. 'शेपटी' म्हणाला तर आज शेपटी लिहा. 'मूळ' उद्या शिकवता येतं.

याच बियांवर आठवडाभराचं काम निघतं. प्रत्येक गटाला पाच बिया (एखादी रुजत नाहीच, म्हणून पाच) रात्रभर भिजवून, ओल्या पण पिळून घेतलेल्या कापसावर, उथळ बशीत, वरून सैल झाकण. घेवडा किंवा मूग, दोन्ही चालतात. मूग लवकर रुजतो. इथे हमखास बिघडतं ते पाण्याने. मुलं प्रेमापोटी रोज ओततात, बिया बुडतात, त्यांना हवा मिळत नाही आणि दोन दिवसांत कुजल्याचा वास येतो. कापूस दाबल्यावर बोट ओलं व्हावं, पाणी निथळू नये, एवढंच. एक बशी मुद्दाम बुडवून ठेवा आणि तिचंही चित्र काढायला लावा. सगळ्यात जास्त बोलणं त्या बशीवर होतं.

लांबी मोजायला पट्टीची गरज नाही. रोज एकाच बीचं मूळ मोजायचं. ती बी बशीच्या कडेवर खूण करून ठरवून ठेवा. मुळाच्या शेजारी दोरा धरायचा (मूळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाकतं, कागदाची पट्टी तिथे फसवते), तेवढाच कापायचा, सरळ करून त्या लांबीची रंगीत कागदाची पट्टी कापायची आणि वहीत तारखेवर उभी चिकटवायची. सगळ्या पट्ट्यांचं बूड एकाच रेघेवर. पाच-सहा दिवसांत वहीत स्तंभालेख तयार होतो आणि आलेख हा शब्दही उच्चारावा लागत नाही. मग विचारा : 'कुठल्या दिवशी सगळ्यात जास्त वाढलं?' सगळ्यात उंच पट्टीकडे बोट दाखवणारी मुलं असतील, आणि दोन पट्ट्यांमधला फरक बघणारीही. त्या वादातून जे वाक्य तयार होईल ते तुम्ही फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहा, सगळ्यांनी मिळून वाचा. वाचनपाठ झाला.

प्रश्न : धडा आधी वाचून मग प्रयोग करावा, की प्रयोग आधी आणि धडा नंतर?

जे वर्गात करून बघता येतं, ते आधी करा, मग वाचा. उलट केलं तर मुलांना उत्तर ठाऊक असतं आणि ती प्रयोगात तेच शोधतात; कधी कधी दिसलं नाही तरी दिसलं म्हणून लिहितात. सूचना आणि सुरक्षितता हा एक अपवाद : मेणबत्ती किंवा गरम पाणी असेल तर ते वाचन आधीच, आणि मोठ्याने.

दुसरा अपवाद वर्गात आणताच न येणाऱ्या गोष्टींचा : ज्वालामुखी, ग्रह, शरीराच्या आतले अवयव, फार सावकाश घडणाऱ्या घटना. तिथे वाचन हाच अनुभव. अशा वेळी तीन रकान्यांचा तक्ता उपयोगी पडतो : काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय कळलं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी तो १९८६ मध्ये मांडला आणि तेव्हापासून तो जगभर वापरला जातो. आमची त्यात एक सुचवणी आहे. पहिल्या रकान्याचं नाव 'आम्हाला वाटतं' ठेवा. 'माहीत आहे' या मथळ्याखाली चुकीची गोष्ट भिंतीवर आठवडाभर राहिली तर ती खरी होऊन बसते. आणि वाचून झाल्यावर पहिल्या रकान्याकडे परत जायला विसरू नका. तक्ता बहुतेक वर्गांत तिसऱ्या रकान्यावर संपतो, तिथे त्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

वाचन पुराव्यासारखंही वापरता येतं, हे मोठ्या वर्गांत करून पाहा. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मोंट याचा विलोच्या झाडाचा प्रयोग यासाठी उत्तम आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापला गेला. सात-आठ वाक्यांत मुलांसाठी लिहून काढा : त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड (साधारण ९० किलो) माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं सुमारे १६९ पौंड, म्हणजे ७६ किलोंच्या वर. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी, म्हणजे ६० ग्रॅमसुद्धा नाही.

इथे थांबा. कागद इथेच कापलेला असू द्या. मुलांनी लिहायचं : झाडाचं एवढं वजन कुठून आलं? 'झाड माती खातं' असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण आकडे समोर आहेत. मग दुसरा तुकडा वाटा : व्हॅन हेल्मोंट म्हणाला, सगळं पाण्यातून आलं. आता लिहा, त्याने कशाचा विचारच केला नाही? हवा. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द त्यानेच रूढ केला, कोळसा जळताना निघणाऱ्या वायूची त्याने नोंद केली होती. पण झाड हवेतून काही घेत असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वजनं अचूक, निष्कर्ष अपुरा. एकाच परिच्छेदात दोन्ही सापडतं असा मजकूर सहसा मिळत नाही.

प्रश्न : मुलं 'साखर पाण्यात वितळली' असंच लिहितात. किती वेळा दुरुस्त करायचं? पारिभाषिक शब्द आधी पाठ करून घ्यावेत का?

पाठ करून घेतल्याने परीक्षेपुरतं जमतं, वहीत पुन्हा साखर वितळते. आधी दोन्ही घटना शेजारी शेजारी दाखवा. एका वाटीत साखरेचा दाणा, त्यावर चमचाभर पाणी. दुसऱ्या वाटीत मेणाचा तुकडा, ती वाटी गरम पाण्यात ठेवलेली (हे काम तुमच्या हाताने). विचारा : मेणाला दुसऱ्या पदार्थाची गरज पडली का? साखरेला उष्णतेची गरज पडली का? एवढ्यावर फरक उभा राहतो : वितळायला उष्णता पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. आता शब्द सांगा, मुलांना तो हवासा वाटतो.

मग चार चौकोनांचं शब्दकार्ड. मध्ये शब्द, चार कोपऱ्यांत स्वतःच्या शब्दांत अर्थ, ओळखायची खूण, उदाहरण आणि 'हे नव्हे' असं उदाहरण. चौथा चौकोन सगळ्यात कामाचा. 'विरघळणं'च्या कार्डावर 'हे नव्हे' मध्ये कुणी 'वाळू पाण्यात' लिहील, कुणी 'बर्फ', आणि ही दोन उत्तरं वेगवेगळ्या कारणांनी बरोबर आहेत. ती कारणं बोलून घ्या. हुशार मूल विचारेल, साखर नुसती तव्यावर तापवली तर? तेव्हा ती वितळते. तोच पदार्थ दोन्ही करू शकतो हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहायला लावा.

एका पाठाला तीन, फार तर चार नवे शब्द. दहा शब्दांची यादी फळ्यावर लिहून सुरू केलेला तास भाषेचाही होत नाही आणि विज्ञानाचाही.

प्रश्न : मुलं परिच्छेद वाचतात पण आकृत्यांकडे बघतही नाहीत. आकृती 'वाचायला' शिकवावी लागते का?

लागते, आणि त्यात सगळ्यात फसवा असतो बाण. एकाच पुस्तकात बाणाचे तीन अर्थ असतात. जलचक्रात बाण म्हणजे पाणी इकडून तिकडे गेलं. फुलपाखराच्या जीवनचक्रात बाण म्हणजे 'त्यानंतर'. अन्नसाखळीत तो खाल्लं जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण अन्न आणि ऊर्जा त्या दिशेने जाते; 'गवत → नाकतोडा' हे मुलं सर्रास 'गवत नाकतोड्याला खातं' असं वाचतात किंवा बाण उलटा काढतात. आणि अवयवाला नाव द्यायला काढलेली रेघ हा बाणच नव्हे. उपाय सोपा : प्रत्येक बाणावर एक क्रियापद लिहायचं. बाष्प होतं, वाढते, खाल्लं जातं. क्रियापद सुचत नसेल तर बाण कळलेला नाही.

धड्याआधी मजकूर झाकून फक्त आकृती दाखवा आणि तिच्याखालची ओळ मुलांना लिहू द्या, मग छापील ओळीशी ताडा.

प्रमाणाचंही बघा. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका पानावर दाखवलेले असतात. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर चंद्र जेमतेम पाव सेंटिमीटरचा आणि ३० सेंटिमीटर लांब, सूर्य एक मीटरहून जरा मोठा आणि जवळजवळ ११७ मीटर दूर. चंद्र पट्टी घेऊन वर्गात दाखवता येतो, सूर्यासाठी मैदान लागेल. हे दाखवून झाल्यावर मुलांना त्या आकृतीखाली सावधगिरीची सूचना लिहायला सांगा : 'या चित्रात खरं काय आहे आणि सोयीसाठी काय बदललं आहे?'

प्रश्न (एका पालकांचा) : प्रकल्प म्हणून मुलगी इंटरनेटवरून उतरवून घेते. स्वतःच्या शब्दांत लिही म्हटलं तर दोन शब्द बदलते. काय करावं?

मजकूर समोर असेपर्यंत कुणीही तेच करेल, मोठी माणसंही. म्हणून समोरचा मजकूर दूर करा. एक परिच्छेद वाचायचा, पडदा बंद. न बघता चित्र किंवा आकृती काढायची. चित्राला नावं द्यायची. मग फक्त चित्राकडे बघून तीन वाक्यं लिहायची. चित्रातून जाताना उसनी वाक्यरचना गळून पडते. शेवटी मूळ मजकूर पुन्हा उघडून एक चूक दुरुस्त करायची आणि एक राहिलेली गोष्ट भरायची.

विषयही तपासा. 'पाणी' किंवा 'मधमाशी' या मथळ्याखाली उतरवण्याशिवाय काही करताच येत नाही. 'थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी कुठून येतं?' असा प्रश्न असेल तर आधी घरी बघावं लागतं. ग्लासात रंगीत पाणी भरून बाहेरचा ओलावा पांढऱ्या कागदाने टिपला तर कागद रंगत नाही. मग पाणी झिरपलं म्हणावं तर तो रंगहीन कसा? वाचन इथून सुरू झालं तर उतरवायला जागा कमीच राहते.

प्रश्न : प्राणी बोलतात, सूर्य रुसतो अशा गोष्टी विज्ञानाच्या तासाला वाचाव्यात का?

जरूर. दोन रंगांनी रेघा मारायच्या : निळी 'खरंच घडू शकतं' याखाली, लाल 'गोष्टीपुरतं' याखाली. बोलणाऱ्या उंटाने कुणाची फसगत होत नाही. लाल रेघ सगळे मारतात. घात करते ती त्याच वाक्यातली साळसूद चूक : उंट म्हणतो, माझ्या वशिंडात पाणी साठवलंय. वशिंडात चरबी असते. कोळ्याला कीटक म्हणणं त्याच जातीचं. कोळ्याला आठ पाय, कीटकाला सहा. अशा जागी मुलांनी प्रश्नचिन्ह करायचं, माहितीपर पुस्तकात पडताळायचं आणि लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहायचं. पत्र पाठवलं नाही तरी चालेल.

प्रश्न : विज्ञानातलं लेखन म्हणजे प्रयोगाची वहीच का? आणखी काय लिहून घेता येईल?

सूचना लिहून घ्या. यासारखी परीक्षा दुसरी नाही, कारण वाचणारा लगेच अडकतो आणि कुठे अडकला ते दाखवतो.

कागदी भिंगरीवर करून पाहा. १८ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी उभी धरा. वरच्या कडेच्या मध्यापासून सरळ खाली ८ सेंटिमीटर काप द्या. ही दोन पाती. कापाच्या टोकापासून १ सेंटिमीटर खाली, डावीकडून आणि उजवीकडून प्रत्येकी २ सेंटिमीटर आत आडवे काप. त्या कापांखालच्या दोन्ही बाजू आत दुमडल्या की मध्ये देठ तयार होतो. देठाचं टोक १ सेंटिमीटर वर दुमडून कागदाची क्लिप लावा. एक पातं पुढे, दुसरं मागे दुमडा. उंचावरून सोडा : भिंगरी फिरत फिरत खाली येते.

ही सूचना मुलांना द्यायची नाही. तयार भिंगरी एका जोडीला द्या. त्यांनी ती उलगडून, मोजून, चित्र न काढता सूचना लिहायच्या. सूचना दुसऱ्या जोडीकडे जातात. त्यांनी लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही, आणि अडलं तिथे समासात प्रश्नचिन्ह करायचं. 'मध्ये कापा' : उभं की आडवं? 'थोडं दुमडा' : किती? 'पाती दुमडा' : दोन्ही एकाच बाजूला दुमडली तर भिंगरी फिरत नाही, नुसती पडते. लिहिणारी जोडी समोर बसून हे बघत असते आणि तिला तोंड उघडायची परवानगी नसते. तोंड उघडायचं असतं, म्हणूनच पुढच्या खेपेला आकडे, दिशा आणि क्रम आपसूक येतात. मोजमाप का लिहायचं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं लिखाण त्याच आठवड्यात घ्या, आठ दिवसांनी घेतलं तर प्रश्नचिन्हं कशाची होती ते कुणाला आठवत नाही. सूचना चालायला लागल्या की पात्यांची लांबी ८, ६ आणि ४ सेंटिमीटर करून कुठली भिंगरी जास्त वेळ हवेत राहते ते बघा. बाकी सगळं, क्लिपसुद्धा, तेच ठेवायचं. प्रत्येक भिंगरी किमान तीन वेळा सोडा, कारण एखादी वाऱ्याने किंवा वाकड्या हाताने भरकटतेच. आधी अंदाज लिहायला विसरू नका.

प्रश्न : विज्ञानाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ तपासावं का?

अंदाज आणि निरीक्षणाच्या पानांवर नाही. शुद्धलेखनाची लाल शाई दिसली की मुलं लिहिता येणाऱ्या शब्दांपुरतंच बघायला लागतात. 'बुळबुळीत' लिहिता येत नाही म्हणून 'ओलं' लिहितात. त्या पाठातले तीन-चार पारिभाषिक शब्द तेवढे नीट करून घ्या. ते भिंतीवर लिहिलेले असतील तर तक्रारीला जागा राहत नाही. जे लिखाण दुसऱ्याने वाचायचं आहे, म्हणजे सूचना, भित्तिपत्रक, पत्र, ते शेवटच्या प्रतीत शुद्ध असावंच. आणि सगळ्या वह्या रोज तपासू नका : रोज सहा-सात, प्रत्येकीत एक प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं राखून ठेवा, नाहीतर मुलं ते वाचतही नाहीत.